सुरमई, बांगडा आणि मंगळवारची पहाट

मुनिबा आज डबा न घेता ड्यूटीवर गेली, ही गोष्ट डोक्यातून जात नाही. डबा विसरणाऱ्यांतली ती मुलगी नाही. ओट्यावर तो तसाच आहे, आणि ती दिवसभरात माझ्याशी चार शब्दांपलीकडे बोलली नाही.

रात्रीचा दीड वाजलाय. शारजातल्या अल मजाजमधल्या आमच्या घरात खैरुद्दीन, तिचे अब्बा, घोरतायत आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून अमेरिकन फुटबॉल बघत बसलेय. एक डोळा टीव्हीवर, एक या वहीवर.

आमची लेक मुनिबा चोवीस वर्षांची. दुबईच्या अल क्वोजमध्ये एका जुन्या गोदामात तिचं ऑफिस आहे; बाहेर टायरची दुकानं, आत ओळीने स्क्रीन. अमेरिकेत दुपार झाली की इथे रात्र, म्हणून ती संध्याकाळी निघते. सकाळी अख्खं शारजा दुबईच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलं असताना ही उलट्या बाजूच्या मोकळ्या रस्त्याने घरी येते. काम काय, तर मॅच बघायची आणि क्वार्टरबॅकचा प्रत्येक थ्रो लिहून काढायचा. बॉल किती सेकंद हातात धरला, अंगावर कोण धावून येत होतं, नजर कुठे होती.

"क्वार्टरबॅक म्हणजे कोण गं?" पहिल्याच आठवड्यात अब्बांनी विचारलं.

"अब्बा, तुमच्या भाषेत तांडेल. होडी कुठे न्यायची ते तोच ठरवतो."

हर्णै बंदरावरच्या माणसाला एवढं पुरलं.

यंदा तिच्याकडे दोन रुकी दिले, म्हणजे पहिल्याच वर्षी मोठ्या लीगमध्ये उतरलेले दोन क्वार्टरबॅक. पहिल्या सहा आठवड्यांत दोघांत कोण सरस, यावर तिने रिपोर्ट लिहायचा होता. त्यांची नावं आमच्या जिभेवर बसेनात, तेव्हा खैरुद्दीननी एकाला सुरमई म्हटलं आणि दुसऱ्याला बांगडा. सुरमई उंच, देखणा, अर्धं मैदान ओलांडून बॉल टाकणारा. बांगडा बुटका, जवळच्या माणसाला हळूच बॉल देणारा.

"आज सुरमईचा भाव काय?" अब्बा सकाळी चहावर विचारायचे.

"थ्री टचडाउन्स."

"आणि आपला बांगडा?"

"बांगडा इज बांगडा, अब्बा. ट्वेंटी-टू थ्रोज आउट ऑफ थर्टी. नथिंग फॅन्सी."

"हसू नकोस. सुरमई पाहुण्यांना असते. घर बांगड्यावर चालतं."

रिपोर्टमध्ये सुरमई पहिला आला. अब्बा दोन दिवस रुसले होते.

मग गेल्या गुरुवारी सकाळी ती आली आणि बूट न काढताच सोफ्यावर बसली. सातव्या आठवड्याचे आकडे भरताना तिला सुरमईच्या नावावर एकाच आठवड्यात दोन मॅच दिसल्या होत्या. या खेळात आठवड्याला एकच मॅच असते. शोधल्यावर तिला स्वतःचीच चूक सापडली. अमेरिकेतली सोमवार रात्रीची मॅच आपल्याकडे मंगळवारी पहाटे सव्वाचारला सुरू होते. तिकडचा आठवडा सोमवारी संपतो. तारीख अमेरिकेची लिहायची असा ऑफिसचा नियम. हिने झोपेच्या तारेत फोनवरची, इथली तारीख लिहिली. झालं. सुरमईची सहाव्या आठवड्यातली मॅच कॉम्प्युटरने सातव्यात ढकलली. आणि तीच त्याची सगळ्यांत वाईट. तीन वेळा बॉल थेट समोरच्या टीमच्या हातात दिला होता. मधे प्रत्येक टीमला एक आठवडा सुट्टी असते, त्यामुळे सहा आठवड्यांत पाच मॅच बघून कुणाला शंका आली नाही. ती सहावी धरली तर बांगडा पुढे जातो.

रिपोर्ट अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. तो या सोमवारी छापून येणार आहे.

"कुणाला सांगितलंस?" मी विचारलं.

"नॉट येट. आज हारुन सरांना सांगणार." हारुन सर तिचे टीम लीडर.

"डोकं फिरलंय का? प्रोबेशनचे दहा-बारा दिवस राहिलेत. पक्की झालीस की मग सांग."

"अम्मी, मंडेला ते पब्लिश करणार."

"करू देत. कोण मरतंय का त्याने?"

तिने बूट काढले आणि आत जाऊन झोपली. आणि तिने सांगितलं नाही. माझं ऐकलं. जी मुलगी सुरमा लावण्यापासून लग्नाच्या स्थळापर्यंत माझं काही ऐकत नाही, तिने नेमकं हे ऐकलं.

मी घाबरले त्याला कारण होतं. लग्नानंतर इथे आल्यावर मी एका नर्सरीत लागले होते. बी.ए. मराठी, इंग्रजी यथातथा. तिसऱ्या आठवड्यात मुलांच्या औषधांच्या वहीत गोळी दिल्याची एक नोंद माझ्याकडून राहिली, मी आपणहून मॅडमला सांगितलं, आणि दुपारी नोकरी खलास. त्यानंतर मी नोकरी केली नाही. पण ती चूक मी सांगितली म्हणून त्या दिवशी एका पोराला दुसऱ्यांदा गोळी दिली गेली नाही, हे मी मुनिबाला कधी सांगितलेलं नाही. गुरुवारीही नाही.

ती लहानपणापासून मोजणारी. दहा वर्षांची असताना आमच्या टॉवरच्या तीन लिफ्टपैकी कुठली किती वेळात येते हे महिनाभर वहीत लिहीत होती. दोन नंबरची सगळ्यांत सुस्त निघाली. वॉचमन मुश्ताकभाईंनी ती वही लिफ्ट कंपनीच्या माणसाला दाखवून तक्रार केली. चार दिवसांनी हिला कळलं की दोन नंबरची वेळ तिने एक मजला वर उभी राहून मोजली होती. एकटीच खाली जाऊन सांगून आली. मी चारचौघांत लाज गेली म्हणून ओरडले. मुश्ताकभाई मात्र अजून लिफ्ट बिघडली की आधी तिलाच विचारतात, "बेटा, तेरी किताब क्या बोलती है?"

आता टीव्हीवर बांगडा आहे. मघाशी त्यानेही बॉल चुकीच्या माणसाच्या हातात दिला. स्टेडियम उभं राहून ओरडत होतं. तो बाकावर गेला, पांढऱ्या केसांच्या कोचशी काहीतरी बोलला आणि बोलताना स्वतःच्याच छातीवर दोनदा हात आपटला. मला आवाज लागला नाही त्याचा अर्थ कळायला. पुन्हा त्यांची पाळी आली. त्याने पहिलाच बॉल सरळ, छोटा, जवळच्या माणसाच्या छातीत दिला.

मुनिबाच्या तक्त्यात शेवटी एक रकाना आहे. ऑफिसने सांगितलेला नाही, तिचा स्वतःचा. एकदा अब्बांनी विचारलं होतं, नवा पोरगा चांगला निघणार हे पहिल्या पाच-सहा मॅचमध्ये कसं गं ओळखतेस? म्हणाली, "चुका तर सगळेच करतात, अब्बा. मी चुकीनंतरचा पहिला थ्रो बघते." तेव्हा मी पोळ्या लाटत होते, मान वर करून बघितलंही नाही.

हारुन सर काय करतील मला माहीत नाही. नोकरी जाईलही. पण अमेरिकेत अजून रविवार आहे, रिपोर्ट अजून छापलेला नाही, आणि दुरुस्ती करायला तिला फार तर अर्धा तास लागेल. लिफ्टच्या वहीची दुरुस्ती तिने एका पानात केली होती.

मॅच चालू असताना फोन करायचा नाही, असा तिचा मला सक्त नियम आहे. मध्यंतराला बारा-तेरा मिनिटं मिळतात. खेळाडू आता ड्रेसिंग रूमच्या बोगद्याकडे चाललेत, बांगडा हेल्मेट काढून सगळ्यांत मागे. तिला आधी नर्सरीची गोष्ट सांगते, पूर्ण. मग म्हणते, गुरुवारी अम्मी चुकली, ऊठ आणि आत्ता हारुन सरांकडे जा. आणि येताना ऑफिसातल्या खाऊच्या मशीनमधून काहीतरी घेऊन खा.

लावते फोन.