हरभरे विरुद्ध चवळी

जळगावात आमच्या शेजारी गणिताचे एक प्राध्यापक राहत. सगळे त्यांना नाना म्हणत. संध्याकाळी ते ओट्यावर हरभऱ्यांचा आणि चवळीचा असे दोन ढीग मांडत. ही दोन सैन्यं. समोरचे जितके जास्त, तितके आपले जास्त पडणार, आणि आपले पडले की आपला मारा कमी होणार. नेमकं सूत्र बसत नसे, म्हणून नाना लहान लहान पावलांनी दोन्हीकडचे दाणे उचलत उत्तराच्या जवळ जात.

एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा मुलगा सीमेवर होता आणि त्याचं पत्र येत नव्हतं. तरी ढीग रोज मांडले जात. एकदा त्यांच्या पत्नी, अक्का, पातेलं घेऊन बाहेर आल्या.

“लढाई आटोपली असेल तर चवळी द्या. भिजत घालायची आहे.”

“थांब. इथे सव्वासहा हरभरे उरतात, बरं का.” नानांनी सात ठेवले.

मी ओट्यावरच बसले होते. मला हिशेबातली ढिलाई खपत नाही. म्हटलं, “नाना, पाव सोडून द्यायला हवा. उत्तर चुकेल.”

“अंदाजाच्या गणितात थोडी चूक होतेच, वहिनी. ती कुठल्या बाजूला करायची, एवढंच माझ्या हातात आहे.”

“आणि चवळीचं?” अक्कांनी विचारलं.

“तिकडेही तसंच.”

मुलगा सुखरूप परतला. नानांनी हौसेनं त्याला ढिगांपाशी बसवलं. त्यानं हिशेब केला आणि उरलेला पाव सोडून दिला. अक्कांनी आतून एक हरभरा आणला आणि ढिगात ठेवला.