मागच्या सीटची पन्नी

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि आमच्या गाडीत बसून ज्यांची पाठ घामानं भिजली त्या सर्व सहनशील नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या मागच्या सीटवरची पन्नी निघाली आहे. ती आपणहून निघालेली नाही. ब्लेडनं कापावी लागली. या दुर्घटनेस संपूर्णपणे मी जबाबदार आहे.

पन्नी म्हणजे नवी गाडी घरी येते तेव्हा सीटांवर चढवलेलं ते पारदर्शक प्लास्टिक. इतर गावचे लोक पेढे वाटायच्या आत ते फाडून टाकतात असं ऐकतो. आम्ही वणीचे. कोळशाचे ट्रक दारावरून जात राहतात आणि सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. त्यामुळे बायकोनं पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "पन्नीले कोणी हात लावाचा नाही. सीट काळी पडली तं काय नदीवर धुवाले नेता?"

तीन वर्षं कुणी हात लावला नाही. उन्हाळ्यात पाहुणे उतरायला लागले की त्यांच्या पाठीपासून चर्रर्र असा आवाज यायचा आणि ते शरमून मागं बघायचे. ब्रेक मारला की मागे बसलेला माणूस घसरत पुढं यायचा. समोरच्या स्क्रीनवरच्या पन्नीत इतके बुडबुडे होते की गाणं बदलायला गेलं तर फोन लागायचा. हे सगळं मी कौतुकानं सांगत फिरायचो. माझी स्वतःची भर एवढीच की पन्नीखालची जागा मी तिजोरी म्हणून वापरायला काढली. गाडीचा विमा, लग्नपत्रिका, विजेचं बिल, सगळं सीट आणि पन्नीच्या मधे. धूळ लागत नाही, घडी पडत नाही, आणि वर माणूस बसला की इस्त्रीही होते.

आणि एका जुलैत मी तिथं मुलीचं जात वैधता प्रमाणपत्र ठेवलं.

त्या कागदासाठी आम्ही आठ महिने फिरलो होतो. माझ्या आजोबांचा शाळेचा दाखला मुकुटबनला निघाला, तोही तिसऱ्या खेपेला, उंदरानं एक कोपरा खाल्लेला. मुलीला यवतमाळच्या एका कॉलेजात इंजिनीअरिंगची जागा मिळाली होती, पण राखीव जागेतून. अर्ज केल्याच्या पावतीवर तिला तात्पुरतं घेतलं होतं. अमुक तारखेला पाच वाजेपर्यंत मूळ प्रमाणपत्र दाखवलं तर जागा तिची, नाही तर पुढच्या नावाची. वर्ष गेलं असतं. प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यात हातात पडलं. ते आणायला मी गेलो होतो. मुलीनं फोनवर सांगितलं, "बाबा, आधी फोटो काढून पाठवा." मी काढला. त्यात नंबराच्या जागी माझा अंगठा आला. मग मी ते मोठ्या समाधानानं मागच्या पन्नीखाली सरकवलं, अक्षरं वर. वरून स्वच्छ वाचता येत होतं. झेरॉक्स कॉलेजसमोरच काढू म्हटलं. पावसानं दडी मारली होती आणि आठ दिवस गाडी माझ्या दुकानासमोर उन्हात उभी होती.

शेवटच्या दिवशी आम्ही तिघं निघालो. मारेगावपर्यंत मुलीनं तीनदा विचारलं, "बाबा, कागद घेतला ना?"

"तू त्याच्यावरच बसून आहे न बाप्पा," मी म्हणालो. "एवढी सिक्युरिटी मंत्र्याले नसते."

ती हसली नाही. करंजीच्या पुढे रस्त्याचं काम निघालं, तास गेला. कॉलेजसमोर पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. मी मागचं दार उघडलं, पन्नीची कड उचलली आणि कागद ओढला. तो आला नाही. जरा जोरात ओढला. कागद आला, पण हलका आला. काहीतरी मागं ठेवून आल्यासारखा.

कागदावर मधली अर्धी अक्षरं नव्हती. वर शासनाची मुद्रा, खाली निळ्या शाईची सही, आणि मधे मुलीचं नाव, जात, नंबर जिथं होते तिथं खरखरीत पांढरं. मला काही कळेना. मी खाली पाहिलं. अक्षरं पन्नीला चिकटून बसली होती, ओळीत, काना-मात्रांसकट. आठ दिवसांच्या उन्हानं आणि आमच्या बसण्यानं ती कागद सोडून प्लास्टिकवर गेली होती.

मी आयुष्यात बोलून बोलून पुष्कळ प्रसंग निभावले आहेत. त्या दिवशी बोलायचं सोडून हातानं निभवायला गेलो. मी कागद परत पन्नीखाली घातला आणि तळव्यानं दाबू लागलो, जणू अक्षरं परत कागदावर येतील. बायकोनं माझं मनगट धरलं.

"काय करून राह्यले तुमी?"

"चिकटवून पाहतो."

"स्टिकर आहे काय ते? काहून ठेवलं इथं? कपाट नाही काय घरात?"

"घडी पडली असती."

"घडी पडली असती तं नाव तं राह्यलं असतं पोरीचं."

मुलगी दाराशी उभी होती. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. मोबाईलवर माझ्या अंगठ्याचा तो फोटो मोठा करून, आणखी मोठा करून बघत होती. अंगठ्याच्या बाजूनं एखादा आकडा डोकावतो का ते शोधत होती.

सव्वाचार झाले. मी धावत रसवंतीवर गेलो आणि बर्फ आणला, गार झाल्यावर अक्षरं सुटतील म्हणून. दोन अक्षरं सुटली. ती माझ्या बोटाला आली. मुलीच्या नावातला शेवटचा काना माझ्या करंगळीवर होता.

"थांबा आता," बायको म्हणाली. "तुमी कशालेच हात लावू नका."

ती समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि ब्लेड घेऊन आली. जिनं तीन वर्षं माझ्या मावसभावाला चपला काढून गाडीत बसवलं, जिनं पन्नीला सुई लागू दिली नाही, ती गुडघ्यावर सीटवर चढली आणि चारी बाजूंनी चौकोन कापला. कापलेला तुकडा मुलीनं हातात घेतला, उलटा केला, तर अक्षरं उलटी. सुलटा केला, तर सुलटी. तिनं तो आपल्या वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवला आणि पुठ्ठा छातीशी धरून चालू लागली. आम्ही दोघं मागं.

प्रवेशाच्या टेबलावर एक सर होते, चष्मा कपाळावर, समोर फायलींचा ढीग. भिंतीवर पाचला वीस कमी. मुलीनं आधी कागद ठेवला, मग त्याच्या शेजारी पन्नी. सरांनी दोन्हीकडे बघितलं.

"यातलं ओरिजिनल कोणतं?"

मी तोंड उघडलं. बायकोनं माझ्या पायावर पाय ठेवला.

"दोन्ही मिळून एक आहे सर," मुलगी म्हणाली. "सही कागदावर आहे, नाव याच्यावर आहे. गाडीत गरमीनं झालं."

"असं कसं मी घेऊ? वर विचारलं तर काय सांगू?"

"नंबर वाचता येतो सर. तुम्ही कॉम्प्युटरवर टाकून पहा. नाही निघाला तं मी जाते."

शेवटचं वाक्य तिनं इतकं सरळ म्हटलं की मी बाजूच्या खुर्चीत जाऊन बसलो. सरांनी चष्मा खाली ओढला. पन्नी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. एकेक आकडा वाचत होते, मुलगी टेबलावर बोटानं तेच आकडे लिहीत होती. मधल्या एका आकड्यावर ते अडले, तीन की आठ. तीन टाकून पाहिला. काही निघालं नाही. बायकोनं डोळे मिटले. आठ टाकला. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मुलीचं नाव आलं, काना धरून पूर्ण.

सरांनी पन्नी कागदावर नीट बसवली, हलवून सरळ केली, दोन्हींना मिळून एकच पिन मारली. आमच्याकडून हमीपत्र लिहून घेतलं की नवीन प्रत महिन्याभरात आणून देऊ. मग शिक्का मारला. पाचला सात कमी होते. माझ्या शर्टाच्या पाठीला घामानं खुर्चीची पट्टी उमटली होती.

सरांनी नवा फॉर्म पुढं ओढला आणि मुलीकडे न बघताच विचारलं, "राहणार कुठं? नातेवाईक आहेत की होस्टेल?"

"होस्टेल लिहा सर," ती म्हणाली, "अन् सामान मी एसटीनं आणीन."