वारा शांत, फवारणीस अनुकूल

आमच्या कृषी महाविद्यालयाच्या मागे तारेच्या कुंपणात वेधशाळा होती. वेधशाळा म्हणजे काय, तर एक पर्जन्यमापक, पांढऱ्या पेटीतले तापमापक आणि खांबावर वाऱ्याने फिरणाऱ्या तीन वाट्या. हवामानशास्त्राच्या मुलामुलींनी पाळीपाळीने सकाळी सात आणि दुपारी दोनला तिथले आकडे टिपायचे, मग फाटकाजवळच्या फळ्यावर शेतकऱ्यांसाठी दोन ओळी लिहायच्या. बाकीच्यांना ही पाळी म्हणजे शिक्षा वाटे. मी मात्र रुबाबात जायची. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते, दुसरं काय!

ती बोंडअळीची वर्षं. महागावकडच्या आमच्या शेतात कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली आणि बोंडं आतून पोखरलेली. शेती दादा पाहायचा. फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी तो मला फोन करायचा.

"काय वं हवामानवाली, वारा कसा हाय?"

चिडवायचा, पण ऐकायचा. त्या सकाळी वाट्या जागच्या हलत नव्हत्या. जोराच्या वाऱ्यात औषध उडून जातं, म्हणून वारा शांत असताना फवारावं, हे मला तोंडपाठ होतं. मी म्हटलं, "एकदम शांत हाय. आजच करून घे." फळ्यावरही तेच लिहिलं: वारा शांत, फवारणीस अनुकूल.

दुपारच्या नोंदी घेऊन वळले, तोच आईचा फोन. "बाई, दादाले दिसून नाही राह्यलं. उलट्यावर उलट्या करून राह्यला. यवतमाळले नेतो, तू ये."

मी वही तिथेच टाकून एसटी गाठली. दवाखान्यात दादाचे दोन्ही हात पट्टीने खाटेला बांधलेले. विषबाधेवरच्या औषधाने भ्रम होतो, झटापट करतो, म्हणून बांधलं, असं नर्सबाईंनी सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आईला विचारलं, "हे कोण हाय?" मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. त्या वॉर्डात फवारणी करणारे आणखीही काहीजण होते. एकेकाचा चेहरा पाहताना मला एकच वाटे, हा आपल्या फाटकावरचा फळा वाचून तर गेला नसेल? विचारायची हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी दादाने मला ओळखलं. "तू बरोबर सांगतलं होतं, बाई," तो म्हणाला. "खरंच पान हलत नव्हतं." त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कॉलेजात परतल्यावर मी हवामानशास्त्राच्या सरांना सगळं सांगितलं. त्यांनी त्या सकाळचा आकडा विचारला. मग म्हणाले, "शांत म्हणजे मंद, पडलेला नव्हे. वारा पार पडला की औषध पिकातच तरंगत राहतं. आणि पीक डोक्यावर असलं, तर माणूस त्याच्या आत असतो." एवढी उंच पऱ्हाटी मी लहानपणापासून पाहत आले होते. परीक्षेत मात्र तिची उंची कोणी विचारली नव्हती. मी फळा पुसला, पुन्हा पुसला, तरी ती ओळ मला दिसतच राहिली.

डॉक्टरांनी महिनाभर पंपाला हात लावू नको म्हटलं होतं. महिना संपला त्याच सकाळी फोन आला. "वारा कसा हाय?"

वाट्या हळूहळू फिरत होत्या. हवी तशी हवा होती. मी म्हटलं, "आज नको." दुसऱ्या दिवशीही नको, तिसऱ्या दिवशीही नको. तेव्हा तो हसला. "थांबला तरी नको, सुटला तरी नको. मंग तू तिथं शिकून काय राह्यली? अळी थांबते का तुह्यासाठी?"

मी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि खरं ते सांगितलं, वारा मंद हाय. वारा पाठीवर घे, तोंडाला दुपट्टा बांध, दमला की बाहेर ये, असं बडबडत राहिले. फोन कधीच बंद झाला होता.

त्या दिवशी एकाही तासाला बसले नाही. कुंपणापाशी उभी राहून वाट्या पाहत होते. जरा मंदावल्या की मी फोनकडे पाही. दुपारी दोनचा आकडा लिहिला आणि पुन्हा वाट्यांकडे वळले. ऊन उतरल्यावर फोन वाजला. नाव दादाचं होतं, पण बोलणारा कोण असेल, या भीतीने तो लवकर उचलवेना. शेवटी उचलला.

"झाली आजची फवारणी," दादाच म्हणाला. "अर्धं वावर राह्यलं. आता उद्याचा वारा सांग."