नाव पुसायचा नारळ

पालघरच्या मासळी बाजारात मी बोंबलांचा भाव करत उभा होतो, तेव्हा मला हरूदादा गेल्याचं कळलं. आमच्या दांडी गावची यमुना तिथं कित्येक वर्षं मासळी घेऊन बसते. मी वाट्याला हात लावून नेहमीसारखं नाक मुरडलं, तर ती म्हणाली, "घ्या मास्तर, घासाघीस नका करू. हरूदादाच्या दहाव्याला पण तुमी दिसले नाय." मी विचारलं, "कुठला हरूदादा?" ...असं विचारलं मी! जसे काही गावात पाच-पन्नास हरूदादा होते. यमुनानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बोंबील पिशवीत टाकले. "पेंटर हो. तुमचा हरूदादा. दमा होता, गेला." बारा दिवस होऊन गेले होते. पालघरहून बोईसर, बोईसरहून एसटीनं दांडी, फार तर दीड-दोन तासांची वाट. तेवढ्या वाटेवरून मला बातमी यायला बारा दिवस लागले, कारण त्या घरातल्या कुणाला मला कळवावंसं वाटलं नव्हतं. का वाटलं नव्हतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. बाजारातल्या त्या दिवसाला आता दीड महिना झाला. ते कारणच आज लिहून टाकतो.

हरेश्वर त्याचं नाव, पण गावाला तो हरूदादा, आणि सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या नाखव्यांना हरू पेंटर. चौथीत शाळा सुटली. आमच्या शेजारचं घर त्याचं, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असायच्या. नारळी पौर्णिमा जवळ आली की त्यांची डागडुजी, रंगकाम आणि सगळ्यात शेवटी नाव. त्या पंधरवड्यात हरूदादाला जेवायला फुरसत नसायची. निळीत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणून मधे टचकन सोडायचा, की फळीवर सरळ रेघ. मग त्या रेघेवर अक्षरं. मोजमाप नाही, खोडाखोड नाही. नाव पुरं झालं की उजव्या कोपऱ्यात, नखाएवढ्या अक्षरांत, 'हरू'. ती सही असली की होडी तयार झाली असं माणसं धरून चालत.

मी डबे धरायला जात असे, म्हणजे खरं तर लुडबुडायला. माझं अक्षर तेव्हा कोंबडीनं पाय फिरवल्यासारखं. एकदा त्यानं माझी वही बघितली आणि म्हणाला, "नंद्या, ह्ये काय लिवलंस का सांडलंस?" मग ओहोटीच्या ओल्या वाळूत काठीनं त्यानं मला अक्षरं गिरवायला लावली. 'श'ची गाठ, 'ळ'चे दोन डोळे, वेलांटी कुठून उचलायची... "पहिलं अक्षर लिवायच्या आधी शेवटलं कुठं संपतंय ते बघायचं. नायतर माणूस कडंला जाऊन चेंगरतो." आणि दुसरं, "रंग ओला हाय तवर चूक आपल्या हातात. वाळला का ती गावाची." दोन पावसाळे हे चाललं. पुढे मी शिक्षक झालो, तेव्हा मुलाखतीत साहेबांनी आधी माझं अक्षर पाहून 'वा' म्हटलं आणि मग बाकीचं विचारलं. ते अक्षर हरूदादाचं होतं. हे मी साहेबांना सांगितलं नाही, तसं कारणही नव्हतं म्हणा. पण पुढे जिथं सांगायला हवं होतं तिथंही मी गप्प बसलो.

त्याचा एक नेम होता. होडी विकली गेली, नव्या मालकाला दुसरं नाव हवं असलं, की हरूदादा आधी नारळ मागायचा. तो दर्याला द्यायचा, हात जोडायचा आणि मगच पत्रा घेऊन जुनं नाव खरवडायला बसायचा. नारळाशिवाय नाही म्हणजे नाही. एका घाईच्या गिऱ्हाईकानं कुरकूर केली तर त्यानं डबे उचलले आणि घरी चालता झाला. मला म्हणाला, "ज्या नावानं इतके दिस दर्या झेलला, त्ये नाव काय खरूज हाय खरवडून टाकायला? सांगून पुसायचं."

बोईसरला कारखाने आले तशी त्याला तिकडूनही बोलावणी यायला लागली. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण चिठ्ठीवर दिलेलं अक्षर तो असं उतरवी की चिठ्ठी देणारा लाजावा. बोईसरजवळ सालवडच्या खोल्यांतून राहणारे परप्रांतीय कामगार त्याला 'पेंटरबाबू' म्हणत. 'धोका' लिहून खाली कवटी काढायची असली की मात्र पंचाईत, कारण त्याची कवटी हटकून हसरी निघायची. एक मुकादम म्हणाला होता, "बाबू, ये तो चाय पे बुला रहा है!" हरूदादा हे स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला होता.

आता त्या फलकाचं सांगतो. ऐंशीच्या पुढची गोष्ट. मी तेव्हा बोईसरला शिकवत होतो आणि गावच्या वाचनालयाचा चिटणीस होतो. गावाचं नाव मोठं करणाऱ्यांचा एक फलक लावायचा असं समितीनं ठरवलं. यादी मीच केली. गावातला पहिला पदवीधर, मुंबईत दवाखाना थाटलेला डॉक्टर, कस्टममधला साहेब, नौदलातला एक, तारापूरच्या अणुवीज केंद्रात पहिल्यांदा कायम झालेला, राज्याकडून कबड्डी खेळलेला... अशी सतरा नावं. कस्टमवाला साहेब बारा वर्षांत गावात फिरकला नव्हता. यादी वाचून हरूदादा म्हणाला, "ह्यातले निम्मे गावाला येत नाय. त्यांना कळणार कसं, फळ्यावर चढले म्हणून?" सगळे हसले. त्यानं काम मात्र जीव ओतून केलं. पाच दिवस वाचनालयाच्या पडवीत बसून पिवळ्या अक्षरांत सतरा नावं मांडली, अशी की एक ओळ कुठं दाटली नाही की सैल पडली नाही. आणि शेवटच्या दिवशी दुपारी उजव्या कोपऱ्यात नेहमीसारखं 'हरू'. या वेळी मात्र त्यापुढे 'दांडी' असंही लिहिलं होतं. ते त्यानं कधीच लिहिलं नव्हतं.

आम्ही समितीचे पाच जण बघायला गेलो. अध्यक्ष, निवृत्त तलाठी, म्हणाले, "अहो, आपल्या मास्तरांचं नाव राहिलं की! जिल्ह्याचा आदर्श शिक्षक आणि फलकावर नाही?" मी म्हटलं, "छे छे, माझं कशाला." काय पण नाटक! दोन दिवस आधी पुरस्काराचं पत्र खिशात घालून त्यांच्या ओट्यावर चहा प्यायला मीच जाऊन बसलो होतो. अध्यक्षांनी आग्रह केला, मी मान खाली घातली. हरूदादा म्हणाला, "जागा नाय उरली." खरंच नव्हती. त्यानं पहिल्या अक्षराच्या आधी शेवटचं पाहून ठेवलं होतं. खाली फक्त सहीची पट्टी होती. आणि मी, शाळेत पोरांवर ओरडतो त्या आवाजात म्हटलं, "ती सही पूस ना मग. हा काय केशकर्तनालयाचा बोर्ड आहे?"

हरूदादानं हातातला ब्रश डब्यावर आडवा ठेवला. मग हरूदादा म्हणाला, "नारळ आन."

मला कळलं होतं. लहानपणापासून ज्याच्या हातात डबे दिले त्याचा नेम मला कळणार नाही? पण चौघं बघत होते, आणि मला माझं नाव हवं होतं. मी हसलो. "हरूदादा, ही काय होडी आहे?" बाकीचेही हसले. तोही हसला. मग चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि एका फटकाऱ्यात आपलं नाव आणि गावाचं नाव दोन्ही पुसून टाकलं. ओला रंग, लगेच निघाला. त्या पट्टीत मधोमध त्यानं माझं नाव लिहिलं, आडनावासकट, नेटकं, जराही कडेला न चेंगरता. लिहून झाल्यावर मला विचारलं, "बघ, बरोबर हाय ना?"

मी म्हटलं, हो, बरोबर आहे.

समारंभात पाहुण्यांच्या हस्ते नारळ फुटला, तोही मीच आणून ठेवलेला. आभार मीच मानले. मांडववाल्याचे मानले, लाउडस्पीकरवाल्याचे मानले, पेढ्यांच्या दुकानदाराचे मानले. फलक कुणाच्या हातचा, हे सांगायचं राहिलं... राहिलं कसलं, मी गाळलं. त्याचं नाव घेतलं असतं तर मला त्याच्याकडे बघावं लागलं असतं. त्यानंतर मी पालघरला घर केलं आणि दांडीला जाणं सणापुरतं उरलं. वाटेत भेटला की तो "काय नंद्या, बरा हाय?" म्हणायचा, मी घाईत असायचो. पुढे कॉम्प्युटरवर कापलेल्या अक्षरांचे बोर्ड आले, कारखान्यांनी त्याला बोलावणं बंद केलं. होड्या तेवढ्या राहिल्या. हे मला सगळं ऐकून माहीत. विचारायला मी एकदाही गेलो नाही. माफी मागायला गेलो असतो तर त्यानं चहा पाजला असता, दुसरं काही केलं नसतं. तरी गेलो नाही.

यमुनानं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. हरूदादाच्या पत्नी मथुरावहिनी दारात बसल्या होत्या. "या भावजी," म्हणाल्या, अगदी पूर्वीसारखं. त्यांच्या मागे भिंतीला ब्रश ओळीनं टांगलेले होते, धुऊन, केस सरळ करून. मी कशीबशी फलकाची गोष्ट काढली. त्यांना ठाऊक होती. "त्या दिसापासून त्यांनी कुठं सही नाय केली," त्या म्हणाल्या. "नाखवे म्हणायचे, हरू, नाव टाक रं कोपऱ्यात. तर म्हणायचे, आता सवय मोडली." मी विचारलं, माझ्यावर रागावला होता का? वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. "राग नाय. मी एकदा तुमाला बोल लावला तर मलाच म्हणाले, नंद्या फळ्यावर लिवतो ना, ते अक्षर माझंच हाय. ते कोन पुसतंय?"

असं तो म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर मी आज जरा बरा असतो.

परवाच्या रविवारी नारळ आणि टर्पेंटाइनची बाटली पिशवीत घालून मी वाचनालयात गेलो. आता तिथं एक मुलगी ग्रंथपाल आहे, माझ्याच एका विद्यार्थ्याची लेक. तिला म्हटलं, फलक जरा बघायचाय. नारळ मी पडवीच्या पायरीवर फोडला, हात जोडले. मग चिंधी भिजवून माझ्या नावावर घासायला लागलो. घासलं, पुन्हा भिजवून घासलं, खांदा दुखेपर्यंत घासलं. इतक्या वर्षांची धूळ आणि कोळिष्टकं चिंधीला आली, रंगाचा एक कण आला नाही. हरूदादाचा पक्का हात, आणि रंग कधीचाच वाळलेला. बाकी सतरा नावं मळकट आणि मधोमध खाली माझं एकट्याचं पिवळंधमक झळकायला लागलं.

ती मुलगी मागे येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "सर, किती छान दिसतंय आता तुमचं नाव!"