सौमित्रने भाजलेल्या मिरच्या

"अरे जळतील, हलव!" मी ओरडलो. सौमित्रने झारा दोन्ही हातांनी धरला, कढईतल्या मिरच्या खालून वर केल्या आणि असा ठसकला की लायनीतल्या बायका हसायला लागल्या.

सौमित्र माझा चाळीतला दोस्त. मी नववीत शाळा सोडली, तो इंजिनियर झाला. आता तो लोअर परळला प्रोग्रामर आणि मी लालबागला मसाला कुटायच्या डंकावर. त्या शनिवारी सकाळी येऊन उभाच राहिला. "शिकव मला. नोकरी गेली तर इथेच येतो."

मे महिना, तुफान गर्दी, त्यात माझा उजवा हात प्लास्टरमध्ये. शेठ म्हणाला, दुसरा माणूस ठेवतो. मी म्हटलं, काही नको, एका हाताने करतो. मदत मी कोणाची घेत नाही, अख्ख्या चाळीला माहितीय. पण शिकवायला काय जातंय? दिला झारा.

चाळीतली दर्शनाकाकू आपल्या मिरच्यांवर नजर ठेवून उभी. "काय रे सौमित्र, कॉम्प्युटर सोडलास?"

"काकू, तोच मला सोडतोय."

त्याच्या ऑफिसात एआय आलेला. ह्याचं चार दिवसांचं काम तो चहा थंड व्हायच्या आत लिहायचा. सौमित्र महिनाभर धड जेवला नव्हता. "पाच वर्षं शिकलो ते सगळं फुकट रे," एवढंच बोलायचा. गुरुवारी साहेबाने टीमला एआयने लिहिलेला कोड दिला, हॉस्पिटलात पेशंटचे नंबर लावायचा. चुका शोधा. सहातले दोघं राहणार, बाकीचे घरी.

"सापडली काय?" मी विचारलं.

"एक सापडली. आडनाव नसलं की पेशंटचा नंबरच लागत नव्हता. माझी आत्या नुसतं शांता लिहायची ना, म्हणून लक्षात आलं."

"मग राहशील की!"

"सोमवारी कळेल."

दोन दिवस डोळे पुसत भाजत होता. मीच त्याला धीर देत होतो, तुला काढला तर साहेबाला बघून घेतो म्हणून.

सोमवारी फोन आला. "राहिलो!" मी डंक बंद करून नाचलो.

गेलेल्या चौघांचं त्याला वाईट वाटतं. पण आता सातला घरी असतो, दोघांचं जेवतो. "कंटाळवाणं सगळं एआय लिहितो, मी वाचतो, चुका पकडतो. मोकळं वाटतं रे."

गेल्या आठवड्यात त्याच्या ऑफिसातली सुनेत्रा मसाला कुटायला आली. राहिलेली दुसरी ती. बोलता बोलता म्हणाली, साहेबाने निकाल शुक्रवारी संध्याकाळीच सांगितलेला. म्हणजे शनिवारी माझ्याकडे शिकायला आला तेव्हा ह्याला नोकरी राहिल्याचं माहीत होतं.