पिशवी आत, हात भाईर

रमामावशींनी आमच्या घरी पहिल्यांदा चार धपाटे आणले, आणि ते घेऊन मी दार लावायला लागलो तर त्या उंबऱ्यावरून हलेनात. वसमतला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. सामान अर्धं पोत्यांत, बायको वैतागलेली, आणि शेजारची ही निवृत्त नर्सबाई दारात उभी. "एक घास माझ्यासमोर खा," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, नंतर खातो. "नंतर खाशील का कुत्र्याला टाकशील, मला काय ठावं?" मी चडफडत एक घास तोडला. तेव्हा कुठे त्या आत आल्या, बसल्या आणि बायकोने केलेला चहा घेतला.

ही त्यांची कायमची रीत. आधी आपण काहीतरी द्यायचं, समोरचा ते खातो का बघायचं, आणि मगच त्याच्याकडचं घ्यायचं. एसटीत शेजारी बसलेली बाई असो की नळदुरुस्तीवाला, सगळ्यांची परीक्षा शेंगदाण्याच्या लाडवावर. कोणी "नको, उपास आहे" म्हणालं की मावशींनी त्याच्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नाही. मला हा प्रकार चक्रमपणाचा वाटायचा, आणि तसं मी बोलूनही दाखवायचो.

बरं, बाई भोळी म्हणावी तर तेही नाही. एकदा एसटीने जवळा बाजार या गावी जाताना त्या एका माणसाशी वाटभर बोलल्या, त्याला लाडू दिला, आणि उतरल्यावर मला म्हणाल्या, "दोनदा त्याचा हात माझ्या थैलीकडं आला बरं का. पण लाडू मनापासून खाल्ला बिचाऱ्यानं." थैलीत लाडवांशिवाय काही नव्हतंच. मोलाचं सगळं एका छोट्या कापडी पिशवीत, पिशवी ब्लाउजच्या आत, वर सेफ्टी पिन. "पिशवी आत, हात भाईर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "हात बी आत ठिवला तर मंग घरीच बसावं माणसानं."

अशा बाईला थायलंडला घेऊन जायची जबाबदारी माझ्यावर आली. आमच्या भागातल्या मंडळींची तिथली विहारं बघायची सहल होती. मावशींच्या मुलाने पुण्याहून फोन केला, "दादा, आई तुमच्या भरवशावर." मी वाचून, विचारून नियमांची यादी केली. अनोळखी माणसाकडून काही खायचं नाही. कोणी हात धरून न्यायला लागलं तर जायचं नाही. मावशींनी यादी ऐकली आणि जास्तीचे लाडू वळायला घेतले.

पाच दिवस मी त्यांच्यामागे ओरडत फिरलो. शेवटच्या दिवशी एका विहारात दान द्यायची रांग होती. माझी वस्तू भिक्खूंनी हातात घेतली. मागे मावशी होत्या. त्यांनी लाडू पुढे केला, तर भिक्खूंनी समोर एक पिवळं फडकं पसरलं आणि त्यावर ठेवा अशी खूण केली. मावशींनी एकदा त्या फडक्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. लाडू थैलीत परत टाकला आणि बाजूला झाल्या. मी फोटो काढत होतो. वळून बघतो तर मावशी नाहीत.

तासाभरात आमची बस विमानतळाकडे निघणार होती. मावशींच्या फोनला तिथलं सिमकार्ड नव्हतं. मी आवारात दोन फेऱ्या मारल्या, बाहेर रस्त्यावर आलो, आणि मनात त्यांना नाही नाही ते बोललो. मुलाला काय तोंड दाखवू, हे एकच डोक्यात. तेवढ्यात फुलं विकणाऱ्या एका बाईने माझ्या गळ्यातलं सहलीचं ओळखपत्र बघून माझं मनगट धरलं आणि भराभरा काहीतरी सांगत मला गल्लीकडे ओढायला लागली. मी कमरेचा पाकीटपट्टा घट्ट धरला आणि तिचा हात जोरात झटकला. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि निघून गेली.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी उन्हात धावत होतो. मग तीच बाई पुन्हा आली. या वेळी तिने मला हात लावला नाही. दोन हात लांब उभं राहून तिने तळवा उघडला. त्यात अर्धा शेंगदाण्याचा लाडू होता.

गल्लीत तिच्या दुकानामागे मावशी स्टुलावर बसल्या होत्या. चप्पल तुटलेली, पायाशी पाण्याची बादली, समोर ताटलीत भात. मी तिथेच तोंडसुख घेतलं. तुम्हाला अक्कल नाही, इथपर्यंत बोललो. त्यांनी भात संपवला, त्या बाईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याबरोबर चालू लागल्या.

बस थोडक्यात मिळाली. बसमध्ये मी त्यांना समजावलं की तिथले भिक्खू कोणत्याच बाईच्या हातून घेत नाहीत, नियमच आहे, सख्ख्या आईच्या हातूनही नाही. मावशींनी तुटकी चप्पल सीटखाली सरकवली. मग म्हणाल्या, "आईच्या हातचं बी न्हाई? मंग त्याची तकलीफ माझ्याहून मोठी हाय." आणखी थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आमच्या गावाला, हट्ट्याला, आमी लहान असताना पाणी वरून वतायचे. खाली वंजळ धरायची. आमच्या हाताला हात लागू द्यायचे न्हाई. त्ये फडकं बघितलं अन् मला तेच दिसलं." मी शहरातल्या कॉलनीत वाढलो. हे मला ऐकून माहीत होतं, एवढंच.

"ती बाई तुला बलवाया दोनदा काहून आली?"

"पहिल्यांदा मी हात झटकला."

मावशी मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "पिशवी धरायची व्हती की, लेकरा. हात काहून झटकला?" मी पासपोर्ट, चोऱ्या, यादी, सगळं सांगितलं. घरी आल्यावरही कितीदा सांगितलं. त्या मान डोलवायच्या आणि लाडवाची वाटी पुढे करायच्या.

दोन वर्षांनी मावशी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मुलाने ती कापडी पिशवी मला दिली, पिनेसकट. मागच्या महिन्यात मुलीकडे परदेशी जाताना पासपोर्ट त्या पिशवीतच ठेवला होता. विमानतळावर रांगेत मागून कोणीतरी खांद्याला हात लावला आणि मी वळायच्या आधीच तो झटकला. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या दुसऱ्या हातात माझा चष्मा. खाली पडला असावा. मी घाईने हात पुढे केला, पण त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला नाही. शेजारच्या बाकावर ठेवला आणि निघून गेले.