पेनल्टी मी अडवली नाही

मित्रांनो, हे तोंडाने सांगवत नाही, म्हणून क्लबच्या फळ्यावर लिहितोय.

आपला गोलकीपर सुऱ्या पवई तलावात बुडाला. तेव्हापासून मॅचआधी रिकाम्या गोलात त्याच्या वाटणीचा एक शॉट मारायची आपली रीत आहे. आज घाटकोपरच्या मैदानावर त्याच्या जागी मी पहिल्यांदाच उभा राहिलो आणि घाबरून ती रीतच विसरलो.

"सुऱ्या सोडणार नाही हां तुला!" पक्या हसला.

शेवटी समोरच्या टीमला पेनल्टी मिळाली. मी उजवीकडे झेपावलो. बॉल डावीकडे गेला आणि रेषेवरून परत आला. धुळीत तुम्हाला वाटलं, मीच अडवला. "झकास रे!" म्हणत मला खांद्यावर घेतलंत.

मैदान कोरडं होतं. बॉल मात्र ओला होता.

खरं सांगा, रविवारी गोलात मी उभा राहू, की ती जागा अजून त्याचीच आहे?